नऊ नंबरची भट्टी

त्रिनेत्सच्या पोलाद कारखान्यामागे, तळघरात,
बावीस भट्ट्या आहेत.
नऊ नंबरच्या भट्टीत
ओताकारने टांगली होती एक कांडी,
करंगळीएवढी जाड,
९ नोव्हेंबर १९८७, सोमवार, सकाळी सात दहा.
बाहेर तरफ, तरफेला वजनं,
आत पाचशे पंचाहत्तर अंश.
मग हात पुसून तो कॉफी प्यायला गेला.

ह्याला आमच्या धंद्यात रांगणं म्हणतात.
पोलाद भाराखाली तापत राहतं
आणि लांबतं,
वर्षाला फार तर एका केसाची जाडी.
मूल रांगायला लागलं की सगळं घर गोळा होतं.
इथे बघायला फक्त मी, व्लास्तिमिला,
आणि माझ्याआधी तो.

वही त्याच्या अक्षरात सुरू होते,
बुटक्या, उजवीकडे झुकलेल्या:
'नोव्हेंबर ८९. चौकात लोक किल्ल्या खुळखुळवताहेत. वाढ: नाही.'
'जानेवारी ९३. देशाचे दोन झाले. कांडी अखंड.'
'जुलै ९७. पूर. वीज नाही. एकोणीस तास हिशेबातून वजा.'
ते एकोणीस तास
तो घोटाभर पाण्यात उभा राहून
वजनांखाली विटा रचत होता, भार कांडीवर पडू नये म्हणून.
हे वहीत नाही.
हे त्याच्या बायकोने सांगितलं, माझ्या लग्नात,
जरा रागानेच.

एकसष्टाव्या पानापासून अक्षर माझं.
दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
दोन तारा लावून विजेचा रोध मोजायचा,
काचेच्या झरोक्यातून काळ्या खपलीकडे बघायचं:
किती धरली, किती सुटली.
रोध वाढला की समजायचं,
आत काहीतरी जागा सोडतंय.
माझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरही असंच बोलायचे.

मग ब्र्नोहून राडोवान आला, संगणक घेऊन.
म्हणाला, अकरा मिनिटांत उत्तर देतो.
दिलं. दोन लाख साठ हजार तासांनी तुटेल.
मी त्याला घड्याळ दाखवलं.
दोन लाख ऐंशी हजार होऊन गेले होते.
पोरगा चांगला आहे.
काही बोलला नाही, सगळ्यांसाठी चहा टाकला.

शेवटची दोन वर्षं रेघ वर वळली.
केसाची जाडी महिन्यावर आली, मग आठवड्यावर.
मला तीन लाख हवे होते.
कुणाला काय फरक पडतो?
पण गोल आकडा, हवा होता.
येता-जाता मी भट्टीच्या पत्र्यावर टिचकी मारायचे
आणि कुणी पाहिलं तर
धूळ झटकल्यासारखं करायचे.

ती तुटली ऑक्टोबरातल्या एका रविवारी.
तेव्हा मी बहिणीकडे मुरंब्यासाठी
आलुबुखारातल्या बिया काढत होते.
सोमवारी घड्याळ थांबलेलं:
दोन लाख सत्त्याण्णव हजार चारशे ब्याण्णव.
एकवीस भट्ट्यांची घरघर चालू,
आणि नऊ नंबर कोमट,
नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या खुर्चीसारखी.

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.
कणाकणांच्या सीमेवर पोकळ्या, बारीक, ओळीने,
एकीने दुसरीचा हात धरलेला.
कुठे एक भेग दिसेना
जिच्यावर बोट ठेवून म्हणावं,
हिच्यामुळे.

ओताकार आता वृद्धाश्रमात आहे. एक्क्याण्णव वर्षांचा.
काही दिवस मुलीलाही ओळखत नाही.
मी फोनवर म्हटलं, "नऊ नंबर. तुटली."
बराच वेळ नुसता श्वास.
मग, स्वच्छ आवाजात:
"आट्यांपाशी की मध्ये?"
"मध्ये."
"मग धर हिशेबात."
आणि फोन ठेवला.

बुधवारी नवी कांडी टांगली.
मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, गणित मलाही येतं.
पहिली नोंद करायची वेळ आली
तेव्हा वही राडोवानकडे सरकवली.

भलतंच मोठं अक्षर आहे त्याचं.
ह्या वहीत वीस वर्षंसुद्धा मावायची नाहीत.